पेशीची ओळख आणि सिकलसेलच्या घरातली फाईल



केळापूर तालुक्यातल्या बौद्ध आणि आदिवासी वस्त्यांना सिकलसेल हा शब्द नवा नाही. एएस म्हणजे वाहक आणि एसएस म्हणजे रुग्ण, हेही बऱ्याच जणांना ठाऊक आहे. पण एसएस रुग्णाच्या घरी दोन प्रश्न नेहमी निघतात. गट जुळला होता, तरी चढवलेलं रक्त टिकलं का नाही? आणि बोनमॅरो बदलायचा म्हटलं की डॉक्टर आधी सख्ख्या भावंडांचीच तपासणी का करायला सांगतात? दोन्ही प्रश्नांचं उत्तर पेशीच्या पृष्ठभागावर आहे.

पहारेकरी ओळखतात कसे?

आपल्या पेशींच्या आवरणावर प्रथिनांच्या आणि साखरेच्या बारीक खुणा असतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी या खुणा चाचपून बघतात. त्यांच्या अंगावरही प्रथिनं असतात, आणि किल्ली कुलपात बसावी तशी खूण त्यांत बसते.

या पहारेकऱ्यांचे दोन मुख्य प्रकार आहेत. 'बी पेशी' अंगावर अँटीबॉडी बाळगते. परकी खूण तिच्यात नेमकी बसली की त्या पेशीची संख्या वाढते आणि तशाच असंख्य अँटीबॉडी रक्तात सोडल्या जातात. 'टी पेशी'ची रीत वेगळी आहे. आपल्या बहुतेक पेशी आतल्या प्रथिनांचे छोटे तुकडे एचएलए नावाच्या प्रथिनावर ठेवून बाहेर दाखवतात. टी पेशी तो तुकडा आणि एचएलए दोन्ही एकत्र तपासते. तुकडा आपलाच असेल तर ती पुढे जाते. विषाणूचा असेल तर ती आजारी पेशी मारली जाते. ही दुहेरी तपासणी पीटर डोहर्टी आणि रॉल्फ झिंकरनागेल यांनी १९७४ साली ऑस्ट्रेलियात मांडली. त्यासाठी त्यांना १९९६ चं नोबेल मिळालं.

गट जुळूनही रक्त का टिकत नाही?

तांबड्या पेशींवर ए आणि बी या साखरेच्या खुणा असतात, आरएच हे प्रथिन असतं. नेहमीच्या तपासणीत एवढंच बघतात. पण केल, डफी, किड अशा आणखी कितीतरी खुणा तिथे असतात. मुंबईत १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी असे रुग्ण दाखवले, ज्यांचं रक्त साध्या तपासणीत ओ गटाचं वाटायचं, पण त्यांना ओ गटाचं रक्तही चालत नव्हतं. सगळ्यांकडे असणारी 'एच' ही खूणच त्यांच्या पेशींवर नव्हती. त्यामुळे त्यांच्या शरीराला ती परकी होती. हाच 'बॉम्बे रक्तगट'. म्हणजे परकं ते वाईट असतंच असं नाही. जे आपल्या अंगावर नाही, ते शरीराला परकं.

सिकलसेलच्या रुग्णाला पुन्हा पुन्हा रक्त लागतं. दर पिशवीबरोबर नव्या खुणा आत येतात आणि एखाद्या खुणेविरुद्ध अँटीबॉडी तयार होऊ शकते. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी ती रक्तात इतकी कमी होते की क्रॉसमॅचमध्ये दिसतही नाही. पण तिची आठवण ठेवणाऱ्या पेशी शरीरात राहतात. तीच खूण पुन्हा आली की अँटीबॉडी झपाट्याने वाढतात आणि चढवलेल्या पेशी फुटतात.

आपला रुग्ण आज पांढरकवड्याला, उद्या यवतमाळला, परवा सेवाग्रामला किंवा नागपूरला जातो. पेशी विसरत नाहीत, पण कागद मागे राहतो. धोका इथेच आहे.

भावंडच का?

तांबड्या पेशी बोनमॅरोत तयार होतात. म्हणून मॅरो बदलला तर आजार मुळापासून जाऊ शकतो. पण एचएलए जुळला नाही तर रुग्णाच्या पेशी नव्या मॅरोवर, किंवा नव्या मॅरोच्या पेशी रुग्णाच्या शरीरावर हल्ला करतात. एचएलएचा एक संच आईकडून येतो, दुसरा वडिलांकडून. त्यामुळे आई किंवा वडील साधारण निम्मे जुळतात. सख्खा भाऊ किंवा बहीण पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. दाता एएस असला तरी चालू शकतो, एसएस चालत नाही. हा उपचार प्रत्येकाला लागतोच असं नाही आणि त्यात धोकेही आहेत. निर्णय तज्ज्ञांशी बोलूनच घ्यावा.

घरात काय करावं?

– रक्ताची एक वेगळी फाईल ठेवा. तारीख, दवाखाना, किती पिशव्या, काही त्रास झाला का, हे प्रत्येक वेळी लिहून घ्या.
– अँटीबॉडी सापडली असेल तर तिचं नाव डॉक्टरांकडून लिहून घ्या. नव्या दवाखान्यात हा कागद सगळ्यात आधी दाखवा.
– पहिल्यांदा रक्त चढवण्याआधी 'सविस्तर रक्तगट तपासणी होईल का?' असं विचारा.
– रक्त चढवताना थंडी, ताप, कंबरदुखी किंवा धाप लागली तर लगेच सिस्टरला सांगा.
– रक्त घेतल्यावर आठ-पंधरा दिवसांत डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली किंवा अंग पांढरं पडलं तर थांबू नका. दवाखान्यात गेल्यावर 'अमुक तारखेला रक्त घेतलं' हे पहिलं वाक्य असू द्या.
– हायड्रॉक्सीयुरिया चालू असेल तर मनाने बंद करू नका.

फाईल शंभर पानी वहीची असली तरी चालेल. घरातल्या शिकत्या मुलीकडे किंवा मुलाकडे ती सोपवा, आणि दवाखान्याच्या पिशवीत आधार कार्डाच्या शेजारी ठेवा.