ओकिता सोजी : तलवार आणि क्षय

जपानच्या इतिहासात १८६८ साल आले की आपण लगेच मेइजी राजवटीकडे वळतो. रेल्वे, कारखाने, बँका! आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना जपान म्हणजे एवढेच. परंतु त्याच वर्षी, १९ जुलैला, एदो शहरात (आजचे टोकियो) एक तरुण सामुराई अंथरुणावर क्षयाने वारला. त्याचे नाव ओकिता सोजी.

जन्मसाल कुणी १८४२ देतात, कुणी १८४४. वडील लहानपणीच गेले. नऊ-दहा वर्षांचा असतानाच तो शिएइकान या तलवारीच्या आखाड्यात दाखल झाला. तेथील तेन्नेन रिशिन ही परंपरा दिखाऊ नव्हती. सराव जाड, जड लाकडी तलवारींनी चाले. कोवळ्या वयातच ओकिता तेथे शिकवू लागला. स्वभाव हसरा, पण शिकवताना तापट. त्याच्या तिहेरी वाराची ख्याती आहे : एकाच झेपेत तलवारीचे टोक तीनदा पुढे जाई आणि पाहणाऱ्याला एकदाच गेल्यासारखे वाटे, असे सांगतात.

१८६३ मध्ये गुरू कोंदो इसामी यांच्याबरोबर तो क्योतोला गेला. शोगुनच्या बाजूने शहराचा बंदोबस्त ठेवणाऱ्या शिन्सेन्गुमी पथकाच्या पहिल्या तुकडीचा तो नायक झाला. पथकाची शिस्त भयंकर. परस्पर पैसा उभा करू नये, असा एक नियम होता म्हणतात आणि तो मोडणाऱ्यास शिक्षा स्वतःचे पोट चिरून घेण्याची! आपल्या हिशेबतपासनिसांना एवढा अधिकार नाही, हे बरेच आहे. या पथकाने माणसे मारली, स्वतःची माणसेही मारली, आणि त्यात ओकिताचा हात होता. कादंबऱ्यांतला गोड मुलगा वाचताना हे विसरता कामा नये.

८ जुलै १८६४ च्या रात्री इकेदाया या खानावळीत विरोधकांची गुप्त बैठक भरली होती. कोंदो, ओकिता आणि आणखी मोजकेच जण आत घुसले. लढता लढता ओकिता कोसळला. चित्रपटांत तो येथेच रक्त ओकतो. मला हे पटत नाही. त्याचा सहकारी नागाकुरा शिनपाची याने तो आजारी पडल्याचे नमूद केले आहे. पण त्यानंतरही ओकिताने दोनेक वर्षे काम केले. फुप्फुसातून रक्त पडण्याइतका क्षय बळावलेल्या माणसाला ते जमले असते का? उन्हाळ्याच्या रात्री बंद घरात तो उष्म्याने कोसळला असावा, हे काही अभ्यासकांचे मत मला अधिक सयुक्तिक वाटते.

१८६७ पर्यंत मात्र रोगाने त्याला पुरते धरले. क्षय हा शब्द मराठीत आणि कन्नडात एकच आहे, झिजणे हाच त्याचा अर्थ. त्याचा जंतू रॉबर्ट कॉख यांना सापडला १८८२ साली. म्हणून पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्या मात्सुमोतो र्योजुन यांच्यासारख्या डॉक्टरांच्या हातीही काही नव्हते.

जानेवारी १८६८ मध्ये तोबा-फुशिमीची निर्णायक लढाई झाली, तेव्हा तो ओसाकात आजारी होता. लढाईचा निकाल बंदुका-तोफांनी लावला. आयुष्यभर जी विद्या घोटली तिचेच दिवस संपत आले होते.

पराभवानंतर पथक जहाजाने एदोला परतले. १७ मे रोजी कोंदोंचा शिरच्छेद झाला. ओकिताला ते कुणी कळू दिले नाही. गुरूंची खुशाली तो शेवटपर्यंत विचारीत होता, असे सांगतात.