पाण्यातले यंत्र पाण्यातच चालवा

आपल्या कोकण किनाऱ्यावर आता पुष्कळ बोटींवर मासे शोधणारे यंत्र असते. कोणी त्याला फिश फाइंडर म्हणतात. कोणी इको साउंडर म्हणतात. तांडेल त्याच्या पडद्याकडे पाहतो. खाली पाणी किती खोल आहे, मासळीचा थवा कोठे आहे, खडक कोठे आहे, हे त्याला समजते.

पूर्वी खोली मोजायची तर दोरीला शिशाचा गोळा बांधीत आणि तो समुद्रात सोडीत. गोळा तळाला टेकला की किती वाव दोरी गेली ते मोजीत. काम हळू चाले. १९४८ साली जपानात फुरुनो बंधूंनी मासे शोधणारे यंत्र विक्रीला आणले. पुढे अशी यंत्रे देशोदेशीच्या कोळी बांधवांच्या हाती आली.

हे यंत्र हजारो रुपयांचे असते. परंतु उन्हाळ्यात थोडी गफलत झाली, तर त्याचा मुख्य भाग तापून निकामी होतो. तो का तापतो आणि त्याला कसे जपावे, हे आज आपण शिकू.

यंत्राचे दोन भाग

पहिला भाग पडद्याचा. तो वर, तांडेलाजवळ असतो. दुसरा भाग खाली पाण्यात असतो. त्याला ट्रान्सड्यूसर म्हणतात. नाव लांब आहे. तोडून वाचा : ट्रान्स – ड्यूसर. आता जोडून वाचा : ट्रान्सड्यूसर.

ट्रान्सड्यूसर हाच यंत्राचे तोंड आहे आणि तोच यंत्राचा कान आहे. तो पाण्यात आवाज सोडतो. आवाज तळावर किंवा मासळीवर आपटतो आणि परत येतो. तो परतलेला आवाज ट्रान्सड्यूसर ऐकतो. डोंगरापुढे हाक मारली की प्रतिध्वनी येतो ना? तसेच हे आहे.

समुद्राच्या पाण्यात आवाज एका सेकंदात सुमारे १,५०० मीटर जातो. समजा, आवाज सेकंदाच्या दहाव्या भागात परत आला. म्हणजे तो जाऊन-येऊन १५० मीटर चालला. मग तळ किती खोल? त्याच्या निम्मा, म्हणजे ७५ मीटर. आपल्या हिशेबाने सुमारे ४१ वाव. हे गणित यंत्र क्षणात करते.

तो तापतो का?

ट्रान्सड्यूसरच्या पोटात एक चकती असते. ती चिनी मातीच्या भांड्यासारखी भाजून केलेली असते. तिला वीज दिली की ती थरथरते. त्या थरथरण्याने आवाज निघतो. काही यंत्रांत ती सेकंदाला ५० हजार वेळा थरथरते, काहींत २ लाख वेळा. इतका बारीक आवाज माणसाच्या कानाला ऐकू येत नाही.

एवढे थरथरले म्हणजे अंग तापणारच. दिलेल्या विजेचा काही भाग आवाज होतो आणि काही भाग उष्णता होतो. ट्रान्सड्यूसर पाण्यात असला तर काळजी नाही. आवाज पाण्यात निघून जातो. उष्णताही पाणी ओढून नेते. मे महिन्यात आपल्या समुद्राचे पाणी ३० अंशांच्या आसपास असते. ते आपल्याला कोमट वाटते, पण यंत्राला ते पुरेसे गार आहे.

पाण्याबाहेर मात्र उलटे होते. हवा फार विरळ. चकतीचा आवाज हवेत नीट शिरत नाही. तो बहुतेक मागेच फिरतो. हवा उष्णताही लवकर नेत नाही. उष्णता वाहून नेण्यात पाणी हवेच्या वीस पटींहून सरस आहे. त्यात वरून ऊन. मग ट्रान्सड्यूसर आतून तापतो आणि बाहेरूनही तापतो.

तुम्ही बोअरची मोटर पाहिली आहे. ती पाण्यात बुडालेली असते तोवर चालते. पाणी खाली गेले आणि मोटर कोरडी फिरली, की जळते. ट्रान्सड्यूसरचे असेच आहे. पाणी हेच त्याचे थंडावा देणारे औषध.

तापल्याने काय होते?

चकतीभोवती डिंकासारखा मसाला ओतून घट्ट केलेला असतो. फार तापले की तो मसाला फुगतो, सुटतो, त्याला चीर पडते. पुढे त्या चिरेतून खारे पाणी आत शिरते. चकतीला कारखान्यात विजेचा जोर देऊन तयार केलेले असते. प्रमाणाबाहेर तापली तर तिचा तो गुण उतरतो. मग गार झाल्यावरही तो पुरता परत येत नाही. ट्रान्सड्यूसर सगळीकडून बंद असतो. तो उघडून दुरुस्त करता येत नाही. नवाच घ्यावा लागतो. तो बोटीच्या तळातून बसवलेला असेल, तर बोट पाण्याबाहेर ओढावी लागते. ऐन हंगामात तितके दिवस धंदा बुडतो.

याहून मोठी गोष्ट जिवाची आहे. तापून बिघडलेले यंत्र कधी तळ दाखवते, कधी दाखवत नाही. रात्री खडकाजवळ अशा यंत्रावर भरवसा ठेवला, तर बोट आणि माणसे दोन्ही धोक्यात येतात.

ओहोटीच्या वेळी

आपल्या खाड्यांत ओहोटीला पुष्कळ बोटी चिखलात टेकतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी अधिकच मागे जाते. अशा वेळचे हे बोलणे वाचा.

खलाशी : काका, पाणी गेलं. बोट टेकली. पडद्यावर काहीच दिसत नाही.

तांडेल : मग यंत्र चालू कशाला ठेवलंस? आधी बंद कर.

खलाशी : पण यंत्र गार आहे, काका. सावलीतच आहे.

तांडेल : अरे, वरचा पडदा गार असेल. खालचा ट्रान्सड्यूसर उघडा पडला ना? तो आपला थरथरतोय, आणि अंगाला पाणी नाही.

खलाशी : इंजिन तर मी केव्हाच बंद केलं.

तांडेल : इंजिनाचा इथे काय संबंध? हे यंत्र बॅटरीवर चालतं. इंजिन बंद झालं तरी ते चालूच राहतं.

खलाशी : मग पडद्याचा उजेड कमी करतो.

तांडेल : उजेड कमी केला म्हणजे यंत्र बंद झालं असं नाही, बाळा. बटण दाबून पुरतं बंद कर. भरती आली, बोट तरंगली, की मग लाव.

तांडेलाने थोडक्यात सारे सांगितले आहे. ट्रान्सड्यूसरच्या तोंडाला पाणी असेल तरच यंत्र चालवावे.

बोट किनाऱ्यावर असताना

पावसाळ्यापूर्वी बोटी किनाऱ्यावर ओढतात. मग डागडुजी होते, रंग होतो, बोट शाकारतात. याच वेळी ट्रान्सड्यूसरला अधिक जपावे लागते.

कोणी हौसेने यंत्र लावून पाहतो. मुलांना पडदा दाखवतो. बोलता बोलता ते तसेच चालू राहते. हे टाळावे. पुष्कळ यंत्रांत डेमो नावाची सोय असते. तिच्यात पडद्यावर नुसते नमुन्याचे चित्र फिरते. बटणे शिकायची असतील तर ट्रान्सड्यूसरची वायर काढून ठेवावी आणि डेमो लावावा.

यंत्र चालते की नाही हे पाहायचेच असेल, तर काय करावे? ट्रान्सड्यूसर सुटा होत असेल, तर त्याचे तोंड बादलीभर पाण्यात बुडवावे. यंत्राची ताकद कमी ठेवावी. थोडा वेळ पाहून बंद करावे. बादलीत खोली बरोबर दिसणार नाही. त्याने घाबरू नये.

मोठ्या ताकदीचा, म्हणजे १ किलोवॅटचा ट्रान्सड्यूसर हवेत लवकर तापतो. लहान थोडा अधिक सोसतो. परंतु लहान आहे म्हणून निष्काळजी राहू नये. यंत्राबरोबर पुस्तिका येते. ती जपून ठेवा. आता तुम्हाला वाचता येते. ती स्वतः वाचा.

सुटा होणारा ट्रान्सड्यूसर काढून घरात सावलीत ठेवावा. तापलेल्या वाळूवर ठेवू नये. बोटीला पक्का बसवलेला असेल, तर त्यावर झापाची किंवा पांढऱ्या कापडाची सावली करावी. काळे प्लास्टिक घट्ट गुंडाळू नये. आत कोंडून तो अधिकच तापतो.

काही फायबरच्या बोटींत ट्रान्सड्यूसर आतून, तेलाच्या किंवा पाण्याच्या लहान डब्यात बसवतात. तो डबा उन्हाळ्यात अधूनमधून पाहावा. आतले पाणी आटले, तर ट्रान्सड्यूसर कोरडा पडतो. मग बोट समुद्रात असूनही तो तापतो.

तापला तर काय करावे?

चित्र फिके पडले, तळाची रेघ तुटू लागली, किंवा ट्रान्सड्यूसरला हात लावताच चटका बसला, तर प्रथम यंत्र बंद करावे. सावली करावी. आपोआप निवू द्यावे. तापलेल्या अंगावर एकदम बर्फ ठेवू नये, त्याने चीर पडण्याची भीती असते. निवल्यावर चीर, फुगवटा दिसतो का ते पाहावे. चीर दिसली तर जाणत्या कारागिराला दाखवावे. तोवर त्या यंत्रावर भरवसा ठेवून खडकाजवळ जाऊ नये.

शेवाळ व शिंपले साचले तरीही चित्र फिके पडते. म्हणून तोंड मऊ फडक्याने आणि साध्या साबणाच्या पाण्याने पुसावे. तारेचा ब्रश, पेट्रोल, थिनर लावू नये.

ध्यानात ठेवा

१. आधी पाणी, मग बटण.
२. बोट बाहेर काढण्यापूर्वी यंत्र बंद.
३. ओहोटीला यंत्र बंद. इंजिन बंद म्हणजे यंत्र बंद नव्हे.
४. शिकायचे असेल तर डेमो.
५. किनाऱ्यावर ट्रान्सड्यूसर सावलीत.

नवे शब्द

तांडेल – बोट चालवणारा प्रमुख.
वाव – खोली मोजण्याचे माप, सुमारे ६ फूट.
उधाण – मोठी भरती-ओहोटी.
झाप – माडाच्या पात्यांची विणलेली चटई.

प्रश्न

१. ट्रान्सड्यूसरला यंत्राचे तोंड आणि कान का म्हटले आहे?
२. हवेत ट्रान्सड्यूसर लवकर का तापतो?
३. आवाज सेकंदाच्या पाचव्या भागात परत आला, तर तळ किती मीटर खोल आहे?
४. तुमच्या गावी बोटी कोठे टेकतात? तेथे यंत्र बंद करण्याचे काम कोणावर सोपवाल? चार ओळी लिहा.