मोजमापाची वही तुझ्याकडे ठेव

गटात कामं वाटून झाली असतील ना एव्हाना? एकाने मोटर घेतली असेल, दुसऱ्याने कोडिंग, तिसऱ्याने सांगाडा. तुझ्या वाट्याला रिपोर्ट आणि पीपीटी. वर "तुझं मराठी-इंग्रजी दोन्ही चांगलं आहे गं" अशी साखरपेरणीही झाली असेल. बांभोरीला शिक, शिरपूरला शिक, नाहीतर धुळ्याला देवपुरात. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टची वाटणी बरेचदा अशीच होते. म्हणून जरा बाजूला घेऊन सांगते. रिपोर्ट लिही, पण त्याच्या बदल्यात एक काम मागून घे: प्रकाशाने अंतर मोजणाऱ्या सेन्सरचं, म्हणजे लायडारचं, कॅलिब्रेशन. कुणी नाही म्हणणार नाही, कारण ते कुणालाच नको असतं. टेप धरा, आकडे लिहा, पुन्हा टेप धरा. व्हिडिओ काढावा असं त्यात काही नसतं. पण तुमची आपोआप चालणारी गाडी अडखळली की सगळे ज्याच्या तोंडाकडे बघतात, तो माणूस तू असशील.

तुमची गाडी केळीच्या ओळींतून चालवायची म्हणतेस. पाच बाय पाच फुटांची लागवड धरली तर दोन ओळींत जेमतेम दीड मीटर. चूक करायला जागा किती उरते, तूच बघ.

आधी तुमचा सेन्सर कोणत्या जातीचा आहे ते पाहून घे. काही सेन्सर प्रकाशाला जाऊन परत यायला लागलेला वेळ मोजतात. प्रकाश एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटीमीटर जातो. जाण्यायेण्याचा हिशेब धरला तर घड्याळातली एका नॅनोसेकंदाची चूक म्हणजे अंतरात १५ सेंटीमीटरची. दुसऱ्या जातीचे सेन्सर त्रिकोणमितीवर चालतात: परत आलेला ठिपका आतल्या कॅमेऱ्यावर कुठे पडला, त्यावरून अंतर काढतात. कॉलेजांत दिसणारा स्वस्त, गरगर फिरणारा आरपीलायडार ए-वन याच दुसऱ्या जातीचा. यात अंतर दुप्पट झालं की चूक साधारण चौपट होते. म्हणून जवळची रीडिंग बरोबर आली की लांबचीही येतील, असं समजू नकोस.

मग भिंत गाठ. जमिनीवर खडूने दर अर्ध्या मीटरला खुणा कर. स्टीलचा टेप घे, शिवणकामाचा ताणला जातो. सेन्सर चालू केल्याबरोबर आकडे लिहायला बसू नकोस. आतले भाग गरम होईपर्यंत रीडिंग सरकत राहते. अर्धा तास चालू ठेव, एकाच जागचा आकडा स्थिर झाला की सुरुवात कर. प्रत्येक खुणेवर शंभर रीडिंग घे आणि दोन गोष्टी वेगवेगळ्या लिही: सरासरी किती चुकली, आणि आकडे किती विखुरले. कापसाचा व्यापारी दर क्विंटलला ठरलेला काटा मारत असेल तर बाबा तेवढा हिशेबात धरतात. कधी मारतो, कधी नाही, असा असेल तर काय धरणार? सरासरीची चूक ही पहिल्या व्यापाऱ्यासारखी, वजा करता येते. विखुरणं दुसऱ्यासारखं; जास्त रीडिंग घेऊन ते थोडं आवरता येतं, पुसता येत नाही.

आता खरं अंतर आडव्या अक्षावर, सेन्सरचं उभ्या अक्षावर मांड आणि बिंदूंमधून रेघ काढ. रेघ उभ्या अक्षाला शून्याच्या जितकी वर-खाली छेदते, ती शून्याची चूक. उतार एकाहून जितका वेगळा, ती प्रमाणाची चूक. बिंदू रेघेवर बसतच नसतील, वाकत जात असतील, तर रेघेचा हट्ट सोड आणि प्रत्येक अंतरासाठी दुरुस्तीचा तक्ता कर.

सेन्सर सुधारला तरी तो गाडीवर वाकडा बसलेला असू शकतो. एक अंश तिरका असला तर १० मीटरवर साडेसतरा सेंटीमीटरचा फरक पडतो. हे पकडायला महागडं काही लागत नाही. गाडी लांब सरळ भिंतीशेजारी लाव. पुढच्या आणि मागच्या चाकापासून भिंतीचं अंतर मोजून दोन्ही सारखी कर. आता भिंत गाडीला समांतर आहे. तरीही स्क्रीनवर ती जितकी तिरपी दिसते, तितका तुमचा सेन्सर फिरलेला. पुढे झुकलाय का हेही बघ: २० सेंटीमीटर उंचीवरचा सेन्सर एक अंश खाली झुकला, तर साडेअकरा मीटरवर त्याचा किरण जमिनीला टेकतो आणि मोकळ्या वाटेत भिंत उभी राहते. मैत्रिणीला लांब उभी करून पुठ्ठा जमिनीपासून हळूहळू वर घ्यायला सांग. तो स्क्रीनवर उगवला की पुठ्ठ्याच्या वरच्या कडेची उंची लिहून घे. हेच जवळून एकदा कर. दोन उंची जुळल्या पाहिजेत. शेवटी गाडी जागच्या जागी फिरव. खोलीच्या भिंती नकाशात दुहेरी उमटल्या, तर सेन्सर आणि चाकांच्या आसामधलं अंतर प्रोग्राममध्ये चुकीचं भरलंय, नाहीतर चाकांचा हिशेब तरी चुकतोय.

एवढं झालं की मुलं म्हणतील, झालं की आता. तू थांबू नकोस. चांद्रयान-३ २३ ऑगस्ट २०२३ला चंद्रावर उतरलं, त्यात उंची मोजणारा लेसर होता आणि वेग मोजणाराही. इस्रोने उड्डाणाआधी लँडरच्या सेन्सरांची परीक्षा हेलिकॉप्टरवरून घेतली, मग उंच क्रेनला टांगून इंजिनांसकट. तुमचं हेलिकॉप्टर म्हणजे रावेर-यावलकडची कुणाच्या तरी काकांची केळीची बाग. तिथे जा, आणि सकाळीही जा, दुपारी दोनलाही जा.

जळगावच्या उन्हात इन्फ्रारेडही भरपूर असतो. त्याच्यापुढे सेन्सरचा स्वतःचा प्रकाश फिका पडतो आणि पल्ला घटतो. काही सेन्सर ९४० नॅनोमीटरचा प्रकाश वापरतात, कारण हवेतली वाफ उन्हातला तेवढा भाग बराच शोषते. तरी डेटाशीटमधला पल्ला सहसा पांढऱ्या पृष्ठभागावरचा असतो हे विसरू नकोस. तुमच्यापुढे असणार ओली काळी माती आणि ठिबकची काळी नळी. दोन्ही प्रकाश गिळतात. शिवाय वाऱ्याने फाटलेली केळीची पानं. किरणाचा ठिपका अर्धा पानाच्या कडेवर आणि अर्धा मागच्या खोडावर पडला, की सेन्सर दोघांच्या मधलंच एखादं अंतर सांगतो, जिथे काहीच नसतं. म्हणून सेन्सर पानांच्या खाली, खोडाच्या उंचीला बसव. मग बुंध्याशी आलेली पिलं आडवी येतील; तीही मोजून ठेव.

हे सगळं एका वहीत लिही: तारीख, वेळ, तापमान, ऊन की सावली, कोणता पृष्ठभाग. वायवात परीक्षक विचारतील, "अचूकता किती?" तेव्हा डेटाशीटचा आकडा फेकू नकोस. सावलीत खोडापासून एक मीटरवर इतकी, भर उन्हात इतकी, ओल्या मातीवर भरवसा नाही, असं सांग. तुझ्या गटातलं दुसरं कुणी ते सांगू शकणार नाही. आणि रिपोर्ट तूच लिहिणार आहेस, तेव्हा या प्रकरणाच्या खाली हे काम कुणी केलं तेही लिही. स्वतःचं नाव लिहायला लाजू नकोस.