करवंटीचा कोळसा आणि पाण्यातील औषध
(सामान्य विज्ञान, इयत्ता सातवी : पाठ-टिपण)

उद्देश : पाण्यातील औषधांश सक्रिय कोळशाने कसा काढता येतो, हे विद्यार्थ्यांस समजावून देणे.

विषय-विवेचन : जंतुजन्य रोगांवर दिली जाणारी प्रतिजैविके शरीरात पूर्णपणे खर्ची पडत नाहीत. त्यांचा काही अंश मलमूत्रावाटे सांडपाण्यात मिसळतो. औषधांच्या कारखान्यांतूनही तो येतो. हैदराबादजवळील पाटणचेरू येथे अशा सांडपाण्यावर प्रक्रिया करणाऱ्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे औषध लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळल्याचे २००७ साली प्रसिद्ध झाले.

अशा पाण्यात दुर्बल जंतू मरतात. चिवट जंतू मात्र टिकतात व वाढतात. पुढे त्याच जंतूंनी रोग झाल्यास औषध लागू पडत नाही. पाणी उकळल्याने जंतू मरतात, पण सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखे औषध त्यातून जात नाही.

यावर एक उपाय म्हणजे सक्रिय कोळसा. नारळाच्या करवंट्या, भुईमुगाची टरफले, भाताचे तूस यांसारख्या टाकाऊ वस्तू हवा कोंडून भाजल्या म्हणजे कोळसा होतो. त्यावर सुमारे ८०० ते ९०० अंश सेल्सियस तापमानात वाफ सोडली असता त्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे पडतात. अशा एका ग्रॅम कोळशातील छिद्रांच्या भिंतींचे क्षेत्रफळ १,००० चौरस मीटर, म्हणजे सुमारे दहा गुंठे, भरू शकते! काचेला धूळ चिकटावी, तसे औषधाचे रेणू या भिंतींना चिकटतात. यास अधिशोषण म्हणतात.

प्रयोग : दोन पेल्यांत सारखे पाणी घेऊन प्रत्येकात शाईचे दोन थेंब टाकावेत. एकात कोळशाची वस्त्रगाळ पूड दोन चमचे घालून ढवळावे. अर्ध्या तासाने दोन्ही पाणी गाळणकागदातून गाळून रंगांची तुलना करावी. साध्या कोळशाने रंग थोडाच उतरेल. सक्रिय कोळसा मिळाल्यास फरक ठळक दिसेल. हे पाणी कोणीही पिऊ नये.

सूचना : चुलीतील कोळसा टाकला की पाणी शुद्ध झाले, असा समज होऊ देऊ नये. सक्रिय कोळसाही जंतू मारीत नाही. शिवाय छिद्रे भरली की तो बदलावा लागतो.

प्रश्न : (१) शोषण व अधिशोषण यांत भेद काय? (२) कोळशाची पूड का करावी?

समारोप : डॉक्टरांच्या सल्ल्याविना प्रतिजैविके घेऊ नयेत आणि उरलेल्या गोळ्या विहिरीत वा ओढ्यात टाकू नयेत, हे मुलांच्या मनावर बिंबवावे. पाण्यात न गेलेले औषध काढण्याचा खटाटोप करावा लागत नाही.