पाणी नळीत आहे, पण मुळाशी?

आजचे वाचन : १ तीमथ्य ४:६-१० आणि ५:४



आजचं मनन लिहायला मला जरा लाज वाटतेय, पण लिहिते.

गेल्या महिन्यात चार दिवस सुट्टी काढून मी पुण्याहून घरी, लोणखेड्याला गेले होते. सकाळी उठून बायबल ॲप उघडलं, १ तीमथ्यचा चौथा अध्याय वाचला, टिक केली. सलग १४४ दिवस! मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. दहा मिनिटंही झाली नसतील, आई म्हणाली, "काकू अंथरुणाला खिळल्यात. चल, जरा प्रार्थना करून येऊ." मी मोबाईलवरून मान वर न करता खेकसले, "आई, सुट्टीत तरी मला शांत राहू देत जा ना!"

आई काही बोलली नाही. बायबल पिशवीत घातलं आणि एकटीच निघाली.

मला करमेना, म्हणून मी बाबांच्या मागे शेतात गेले. पपईच्या एका ओळीतली तीन-चार झाडं मलूल झाली होती. मी विचारलं, "यांना पाणी नाही का?" बाबा ठिबकची नळी हातात धरून म्हणाले, "नळीत पाणी भरपूर आहे. झाडापर्यंत पोचत नाही. क्षाराने तोंडं बुजलीत." मग त्यांनी नळीचं शेवटचं टोक उघडलं. आधी गढूळ, गाळाचं पाणी आलं, मग हळूहळू स्वच्छ.

बाबा पपईबद्दल बोलत होते. मला मात्र सकाळचे १४४ दिवस आठवले.

पौल काय सांगतो?

तीमथ्य इफिस इथे सेवा करणारा तरुण होता. पौल त्याला सांगतो की सुभक्तीसाठी कसरत कर. इथे पौलाने वापरलेला ग्रीक शब्द व्यायामशाळेतला आहे. आपला 'जिम' हा शब्द त्याच कुळातला. शरीराच्या व्यायामाचा थोडाफार फायदा आहे, हे पौल मान्य करतो. पण सुभक्तीचा उपयोग आत्ताच्या जीवनात आहे आणि पुढच्याही, असं तो म्हणतो.

म्हणजे शिस्त हवीच. जिमची फी भरून कोणाचे दंड भरत नाहीत, आणि स्टेटसला वचन लावून कोणी देवाच्या जवळ जात नाही. पण कसरत कशासाठी? मोजणी वाढावी म्हणून नाही, सुभक्तीसाठी. आता त्याच पत्रात एक पान पुढे जा. ५:४ मध्ये पौल म्हणतो की मुलानातवंडांनी सुभक्ती आधी आपल्या घरच्यांशी वागण्यात दाखवायला शिकावं, आईवडिलांचे उपकार फेडावेत. चौथ्या अध्यायातल्या कसरतीची परीक्षा पाचव्या अध्यायात, घरातच होते. मी चौथा वाचला आणि पाचव्यात नापास झाले, तेही दहा मिनिटांत!

रमाबाईंची पहाट

शिस्तीचा विषय निघाला की मला पंडिता रमाबाई आठवतात. लहानपणी त्यांची आई लक्ष्मीबाई त्यांना पहाटे, अंधार असतानाच प्रेमाने उठवायची आणि मांडीशी घेऊन संस्कृत शिकवायची. वडील अनंतशास्त्री मोठे विद्वान. घरात कष्टाची आणि पाठांतराची सवय होती. त्याच बळावर विशीच्या उंबरठ्यावर कलकत्त्याच्या पंडितांनी रमाबाईंना 'पंडिता' म्हटलं.

१८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण पुढे त्यांनी आपल्या साक्षीत प्रांजळपणे लिहिलं की तेव्हा त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, खुद्द ख्रिस्त सापडायला आणखी काही वर्षं लागली. विचार करा, एवढी विदुषी, एवढी शिस्त, आणि तरी त्या म्हणतात की मुख्य गोष्ट राहिली होती. आपली बुद्धी, आपली योग्यता बाजूला ठेवून फक्त प्रभूवर विसंबायचं, हे त्यांना नंतर उमगलं.

मग त्यांनी शिस्त सोडली का? उलट! केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये शेकडो निराधार स्त्रिया आणि मुलींचा संसार सांभाळत त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या बायकांना समजेल अशा मराठीत सगळं बायबल आणायला बसल्या. रोज थोडं थोडं, वर्षानुवर्षं. १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक लेक मनोरमा वारली. तरी काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई प्रभूकडे गेल्या. त्यांचं संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं.

आईने लावलेली पहाटेची सवय तीच होती. पण आता ती काही मिळवण्यासाठी नव्हती, मिळालेल्या कृपेतून होती. आणि तिचं पाणी दुसऱ्यांच्या मुळाशी पोचत होतं.

मग आपण काय करायचं?

वाचन बंद करायचं नाही. बुजलेली नळी कोणी उपटून फेकत नाही, साफ करतो.

१. थोडं वाचा, पण थांबा. वाचून झाल्यावर प्रभूला विचारा, "आज हे कोणाशी वागताना लागणार आहे?" एक नाव मनात येऊ द्या.

२. टोक उघडा. रोज रात्री दोन मिनिटं, आज कुठे राग, कुठे अहंकार साचला ते प्रभूला सांगा. गढूळ पाणी आलं तर घाबरू नका, ते बाहेर येण्यासाठीच आहे (१ योहान १:९).

३. एखादा दिवस चुकला तर पुन्हा सुरू करा. ॲप शून्यापासून मोजेल, प्रभू तसा मोजत नाही.

४. वाढ आपल्या हातात नाही, हे विसरू नका. लावणारा लावतो, पाणी घालणारा घालतो, वाढवतो देव (१ करिंथ ३:६-७). आपण कष्ट करतो ते जिवंत देवावर आशा ठेवली म्हणून, हेच ४:१० मध्ये पौल म्हणतो.

त्या संध्याकाळी मी आईची माफी मागितली. "चल, आपण दोघी जाऊ," एवढंच ती म्हणाली. काकूंजवळ बसून मी प्रार्थना केली, शब्द अडखळत होते. काकूंनी माझा हात शेवटपर्यंत सोडला नाही. पुण्यात १४४ दिवस वाचलेल्यातलं काहीतरी त्या दिवशी पहिल्यांदा मुळाशी गेलं असं मला वाटलं.

आज तुमच्या घरात असं कोण आहे, ज्याच्यापर्यंत तुमचं वाचन अजून पोचलेलं नाही? आज त्यांना एक फोन तरी करा.

प्रार्थना : प्रभू येशू, माझं वाचन मोजण्यात संपू देऊ नकोस. माझ्यात जे साचलंय ते धुऊन काढ. रोजच्या छोट्या आज्ञापालनात मला टिकव, आणि तुझी कृपा आधी माझ्या घरच्यांपर्यंत पोचू दे. तुझ्याच नावाने मागते. आमेन.