पडद्यावरची रक्कम आणि हातातला पैसा

समजा, ऑनलाइन कॅसिनोत एका खेळाडूला १,००० रुपयांचा बोनस मिळाला. पैसे काढू जाता अट पुढे येते : आधी बोनसच्या तीसपट, म्हणजे ३०,००० रुपयांच्या पैजा लावाव्यात. युरोपीय रूलेच्या चाकावर ३७ घरे असतात. परतावा मात्र ३६ घरांच्या हिशेबाने मिळतो. साहजिकच प्रत्येक ३७ रुपयांमागे सरासरी १ रुपया कॅसिनोकडे जातो. ३०,००० रुपयांवर ही घट सुमारे ८११ रुपये होते. बोनसमधील जेमतेम १८९ रुपये उरतात.

त्यातच ‘रक्कम हवी असल्यास आधी कर भरा’ अशी मागणी झाल्यास ती फसवणूकच समजावी व १९३० या क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी. संसदेने २०२५ साली संमत केलेल्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ निषिद्ध ठरवले असून बँकांनाही त्यांचे व्यवहार करण्यास मनाई आहे.