वसईतील लोकलढे आणि सामान्यांच्या इतिहासाची मराठी साधने

सामान्य माणसांचा सामाजिक इतिहास लिहावयाचा तर त्याची साधने कोणती, हा प्रश्न इतिहासकाराइतकाच वाङ्मयाच्या अभ्यासकाचाही आहे. ज्यांनी राज्य केले त्यांच्या सनदा, पत्रे आणि बखरी उरतात. ज्यांनी विहिरी खणल्या, वाड्या शिंपल्या, मीठ पिकविले, मासळी वाहिली, त्यांच्या मागे उरते ती बहुधा बोली. प्रस्तुत लेखात वसई तालुक्यातील विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन लोकलढ्यांच्या आधारे या साधनांचा विचार करावयाचा आहे.

१. बखरीतील प्रजा

उत्तर कोकणाचे जुने मराठी साधन म्हणून ‘महिकावतीच्या बखरी’चा निर्देश प्रथम करावा लागतो. वि. का. राजवाडे यांनी ती १९२४ मध्ये संपादून प्रसिद्ध केली. तिच्यात राजे आहेत, वतनदार आहेत, कुळे आणि गोत्रे आहेत. कष्टकरी प्रजा मात्र या वंशावळींच्या पार्श्वभूमीलाच राहते. राज्ये बदलली तरी सर्वसामान्य प्रजा उदासीन का राहिली, याची चर्चा राजवाड्यांनी प्रस्तावनेत केली आहे. वसईपुरते पाहिले तर १५३४ मध्ये हा मुलूख गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगीजांकडे गेला, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी तो जिंकला आणि पुढे तो इंग्रजांच्या ताब्यात आला. या सत्तांतरांच्या नोंदी मुबलक आहेत. त्यांच्या काळात वाडी कसणारा काय बोलत होता, याची नोंद जवळजवळ नाही.

तथापि नोंद नाही म्हणून कृती नव्हती, असे अनुमान करणे धोक्याचे आहे. ‘उदासीन’ हे विशेषण प्रजेच्या स्वभावापेक्षा साधनांच्या स्वरूपाविषयीच अधिक काही सांगत असावे. वसईच्या अलीकडच्या इतिहासाने या शंकेला बळ दिले आहे.

२. एक तालुका, दोन लढे

वसई तालुक्याचे लोहमार्गामुळे ढोबळमानाने दोन भाग पडतात. पश्चिमेस समुद्रालगतची बागायती पट्टी आहे. सामवेदी ख्रिस्ती अर्थात कुपारी, सामवेदी ब्राह्मण, वाडवळ, भंडारी, कोळी आदी समाज येथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आले. केळी, पानवेल, फुले आणि भाजीपाला ही या पट्टीची ओळख. वसईची सुकेळी मुंबईच्या बाजारात प्रसिद्ध होती. पूर्वेस डोंगराळ भाग असून तेथे वारली व इतर आदिवासी समाजांची वस्ती आहे. एकाच तहसील कचेरीखालच्या या दोन भागांत १९८०च्या दशकात दोन स्वतंत्र लढे उभे राहिले.

पूर्वेकडील लढा वेठबिगारीविरुद्ध होता. वेठबिगारी १९७६च्या कायद्याने नष्ट झाली होती, पण ती कागदावर. कर्जाच्या मोबदल्यात सावकाराकडे राबणारी कुटुंबे मुंबईपासून काही तासांच्या अंतरावर राहत होती. विवेक पंडित व विद्युल्लता पंडित यांच्या पुढाकाराने १९८२ मध्ये श्रमजीवी संघटना स्थापन झाली आणि वेठबिगारांची मुक्तता हे तिचे पहिले मोठे कार्य ठरले. या कार्याची दखल १९९९ मध्ये ‘अँटी-स्लेव्हरी इंटरनॅशनल’ या ब्रिटिश संस्थेच्या पुरस्काराने घेतली गेली. या लढ्याला पूर्वपरंपराही होती. १९४५ मध्ये तलासरीजवळील झरी येथे वारल्यांनी वेठीविरुद्ध जो निर्धार केला, तो याच जिल्ह्याच्या उत्तर भागातला होय.

पश्चिमेकडील लढा जमीन आणि पाणी राखण्याचा होता. १९८०च्या दशकाच्या अखेरीस वसईतील हरितपट्ट्याचे मोठे क्षेत्र बांधकामासाठी खुले करण्याचे शासकीय धोरण पुढे आले, आणि १९९० मध्ये वसई-विरार उपप्रदेशासाठी सिडकोची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली. त्याच सुमारास विहिरींचे गोडे पाणी टँकरने विकले जात होते. किनाऱ्यालगत भूजलाचा उपसा मर्यादेबाहेर गेला की समुद्राचे खारे पाणी आत सरकते आणि विहीर पिकाच्या कामाची राहत नाही. या दोन्ही संकटांविरुद्ध ‘हरित वसई संरक्षण समिती’ उभी राहिली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४) हे तिचे प्रमुख प्रवक्ते होते. १९८३ ते २००७ या काळात त्यांनी ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादन केले. धार्मिक नियतकालिकाच्या पानांवर भूजल, हरितपट्टा आणि गुंडगिरी हे विषय आले, ही मराठी नियतकालिकांच्या इतिहासातही लक्षणीय बाब आहे.

दोन्ही लढ्यांत अंतर होते, हे नोंदविणे आवश्यक आहे. पश्चिमेचा शेतकरी स्वतःची जमीन राखण्यासाठी उभा होता. पूर्वेच्या वेठबिगाराकडे राखण्याजोगे स्वतःचे शरीरही मोकळे नव्हते. ‘वसईचा लढा’ असा एकवचनी उल्लेख करताना हे अंतर पुसले जाते. ते सांधण्याचे प्रयत्नही झाले. आदिवासींच्या जमिनी त्यांना परत मिळाव्यात म्हणून झटणाऱ्या नवलीन कुमार यांची २००२ मध्ये नालासोपारा येथे हत्या झाली. जमिनीचा प्रश्न दोन्ही पट्ट्यांत एकच होता, याची ही विदारक साक्ष होय.

३. शब्दांची साक्ष

लढे एकाएकी उभे राहत नाहीत. त्यांच्या मागे एकत्र काम करण्याची जुनी सवय असते आणि ती बोलीतील शब्दांत टिकून राहते. वसईच्या पश्चिम पट्टीत पावसाचे गोडे पाणी साठविणाऱ्या, वाडीलगतच्या खोदीव तळ्याला ‘बावखल’ म्हणतात. सामाईक विहिरीवरील रहाटाची ‘पाळी’ ही पाणी वाटून घेण्याची रीत होती. चर्चभोवतीच्या श्रद्धावंतांच्या समूहाला येथे ‘धर्मग्राम’ म्हणतात. या शब्दात उपासना आणि गाव एकत्र आले आहेत. ‘कुपारी’ हे समाजनाम पोर्तुगीज शब्दावरून आलेले असून त्याचा मूळ अर्थ बाप्तिस्म्याच्या निमित्ताने जोडलेला नातलग असा आहे. निरोप पोहोचविणे, माणसे जमविणे आणि पाळीने काम वाटून घेणे यांसाठी चळवळीला नवी यंत्रणा मुळापासून घडवावी लागली नाही. ती या शब्दांच्या आड आधीपासून नांदत होती.

पूर्व पट्टीचा शब्दसंग्रह निराळी कथा सांगतो. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी सावकाराकडे बांधला गेलेला तो ‘लग्नगडी’. पावसाळ्यात पोटासाठी उसने घेतलेले धान्य ती ‘खावटी’. एका शब्दात विवाह आणि दास्य, तर दुसऱ्यात भूक आणि ऋण एकत्र नांदते. असे शब्द कोशात केवळ अर्थ देऊन भागत नाही. त्यांना व्यवहाराची टीप हवी.

४. नेत्याचे ‘मी’ आणि समूहाचे ‘आम्ही’

या लढ्यांचे जे वाङ्मय उपलब्ध आहे ते प्रामुख्याने नेतृत्वाचे आहे. गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) हे वारली चळवळीवरील पुस्तक या प्रकारचा मानदंड ठरले. दिब्रिटो यांच्या आत्मचरित्राचे ‘नाही मी एकला’ हे शीर्षकच समूहाचे ऋण मान्य करते. या ग्रंथांचे मोल वादातीत आहे. तरीही जागा होणारा माणूस येथे दुसऱ्याच्या वाक्यांत जागा होतो, ही मर्यादा अभ्यासकाने ध्यानी घ्यावयास हवी.

सामान्यांचे स्वतःचे लेखन शोधावयाचे तर ग्रंथालयाबाहेर पडावे लागेल. १९६६च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमानुसार विकास आराखड्यावर नागरिकांकडून हरकती व सूचना मागविल्या जातात. वसईकरांनी अशा हरकती वेळोवेळी हजारोंच्या संख्येने दाखल केल्या. २००९ मध्ये ४ नगरपरिषदा आणि ५३ गावे मिळून महानगरपालिका स्थापण्यात आली, तेव्हा अनेक गावांनी विरोधाचे ठराव केले. २०११ मध्ये शासनाने २९ गावे वगळण्याचा निर्णय घेतला आणि त्यावरील वाद पुढे दीर्घकाळ न्यायालयात राहिला. हरकतपत्र, निवेदन आणि ठराव हे रूक्ष लेखनप्रकार खरे. परंतु ‘आम्ही खाली सह्या करणारे ग्रामस्थ’ या चालीचे वाक्य लिहिताना व्यक्तीचे ‘मी’ समूहाच्या ‘आम्ही’त कसे मिसळते, हे पाहण्याचे याहून चांगले स्थान नाही.

वेठबिगाराची जबानी हे त्याहून गुंतागुंतीचे साधन होय. बोलणारा आपल्या बोलीत बोलतो, लिहून घेणारा कचेरीच्या मराठीत लिहितो आणि खाली अंगठा उमटतो. या कागदात आवाज आहे, पण तो दोनदा गाळून आलेला आहे. जबानीत काय उतरले याबरोबरच काय उतरू शकले नाही, याचाही विचार भाषाभ्यासकाने करावा लागेल.

५. समारोप

२०११च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या सुमारे १२ लाख भरली. लढ्यांनी नागरीकरण थांबविले, असे म्हणता येणार नाही. कायद्यातील मुक्ती प्रत्यक्षात उतरविता येते आणि आराखड्याला हरकत घेता येते, हा प्रत्यय मात्र त्यांनी दिला. प्रजेच्या उदासीनतेच्या सिद्धान्ताला हे पुरेसे उत्तर आहे.

आता प्रश्न साधने जपण्याचा आहे. लढ्यात उतरलेली पिढी वृद्ध झाली आहे. कादोडी, वाडवळी व वारली बोलणाऱ्यांच्या घरांतून प्रमाण मराठी, हिंदी आणि इंग्रजी यांचा वावर वाढला आहे. या पिढीच्या आठवणी तिच्याच बोलीत, उच्चारांसह ध्वनिमुद्रित करून ठेवणे. घरोघरी पडून असलेली हस्तपत्रके, निवेदने आणि ठरावांच्या प्रती एकत्र करणे. आणि दोन्ही पट्ट्यांची साधने शेजारी ठेवून वाचणे, ही कामे मराठी विभागांनी अंगावर घ्यावयास हवीत. बखरकाराला प्रजा दिसली नाही, त्याची कारणे त्याच्या काळात शोधता येतात. आजच्या अभ्यासकाला तशी सबब देता येणार नाही.